तिसरा स्वर्ग आणि स्वर्गांचा स्वर्ग: बायबलमधली ही वचनं अभ्यासायची कशी

बायबल स्टडीत २ करिंथचा बारावा अध्याय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिसऱ्या स्वर्गात गेला म्हणतो तर मग पहिला आणि दुसरा कुठं आहेत? आणि उत्तर पण बहुतेकांकडे तयार असतं, पहिला स्वर्ग म्हणजे पक्षी उडतात आणि ढग फिरतात ते आकाश, दुसरा म्हणजे सूर्य चंद्र तारे, तिसरा म्हणजे जिथं देव राहतो तो. या उत्तराचा चार्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, संडे स्कूलमध्ये फळ्यावर काढला जातो. तो चार्ट अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, बऱ्याच चांगल्या शिक्षकांनी तो वापरलाय. पण चार्ट पाठ झाला की माणूस वचन वाचायचं थांबवतो हे मी बघतो आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण या वचनांमध्ये जे भरलंय ते चार्टमध्ये मावतच नाही.

मला वाटतं ते आधीच सांगून टाकतो. पवित्र शास्त्र कुठंच बसून स्वर्ग मोजत नाही. जिथं जिथं एकापेक्षा जास्त स्वर्गांचा विषय येतो तिथं लिहिणारा देव किती मोठा आहे आणि तरीही किती जवळ आहे हे एकाच दमात सांगत असतो. हे धरून वाचलं तर अवघड वाटणारी वचनं बऱ्यापैकी उलगडतात. कसं वाचायचं ते खाली सांगतो, एकट्यानं करा नाहीतर ग्रुपमध्ये करा.

काय लागेल

एक बायबल, एक वही, आणि शब्दसूची, म्हणजे कुठला शब्द बायबलमध्ये कुठंकुठं येतो ते दाखवणारं पुस्तक. छापील शब्दसूची नसेल तर मोबाईलवरच्या बायबल अ‍ॅपमधलं सर्च पुरतं, फक्त ज्या अ‍ॅपमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्द बघता येतो असं एक ठेवा. शक्य असेल तर दोन मराठी भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून वाचा. आपल्याकडे या बाबतीत श्रीमंती आहे, पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून साध्या मराठीत केलेलं भाषांतर आहे, बायबल सोसायटीचं रोजच्या वापरातलं आहे, आणखीही आहेत.

दोन भाषांतरं का म्हणतोय तर त्याला कारण आहे. मराठीत आपल्याकडे आकाश वेगळं आणि स्वर्ग वेगळा. हिब्रूत दोन्हीसाठी एकच शब्द चालतो, शामायीम, आणि तो नेहमी अनेकवचनी रूपातच येतो, त्यामुळे नुसतं ते रूप बघून अनेक स्वर्ग सिद्ध होत नाहीत. ग्रीकमध्ये पण उरानोस हा एकच शब्द, तो मात्र एकवचनात पण येतो आणि अनेकवचनात पण. म्हणजे मराठी वाचताना कुठं आकाश लिहायचं आणि कुठं स्वर्ग लिहायचा हे भाषांतरकारानं आपल्यासाठी आधीच ठरवून टाकलेलं असतं. उत्पत्ती १:१ आपण "आकाश व पृथ्वी" असं वाचतो, आणि फादर थॉमस स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणाची पहिलीच ओवी देवाला स्वर्ग आणि पृथ्वीचा रचणारा म्हणते. दोन्ही बरोबरच आहे. तुम्ही फक्त एवढं करायचं की वहीत वचन लिहिताना आकाश असो वा स्वर्ग, दोन्ही एकाच यादीत घ्यायचे.

आधी उत्पत्ती १ नीट वाचा

सुरुवात पौलापासून करू नका, उत्पत्तीपासून करा. १:६ ते ८ मध्ये देव जलांच्या मधोमध अंतराळ करतो, वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं होतं, आणि त्या अंतराळाला देव आकाश म्हणतो. मग १४ ते १७ वाचा, सूर्य चंद्र तारे या ज्योती त्या अंतराळात ठेवल्या. मग २० वाचा, पक्षी त्याच अंतराळासमोरून उडतात. आता चार्ट आठवा. चार्टमध्ये पक्षी पहिल्या स्वर्गात आणि तारे दुसऱ्यात, पण उत्पत्तीत अंतराळ एकच आहे, देवानं त्याला नाव पण एकच दिलंय. म्हणजे पहिला-दुसरा ही वाटणी उत्पत्तीनं केलेली नाही, ती नंतर लोकांनी वचनं जमवताना केलीय.

अजून एक गोष्ट तपासून बघा. "दुसरा स्वर्ग" हे शब्द अख्ख्या बायबलमध्ये शोधा, मिळणार नाहीत. "पहिलं आकाश" मात्र मिळेल, प्रकटीकरण २१:१ मध्ये, पण तिथं पहिलं म्हणजे आधीचं, जुनं, जे निघून गेलं आणि त्याच्या जागी नवं आलं. खालून वर मोजत पहिला असा अर्थ तिथं नाहीच.

त्या काळच्या लोकांच्या डोळ्यासमोर जग कसं होतं हे पण लक्षात ठेवायला लागतं. खाली पाणी, मध्ये जमीन, वर ताणलेलं अंतराळ आणि त्याच्याही वर पाणी. नोहाच्या वेळी आकाशाच्या खिडक्या उघडल्या असं उत्पत्ती ७:११ म्हणतं आणि मलाखी ३:१० मध्ये त्याच खिडक्यांमधून आशीर्वाद ओततो असं देव म्हणतो. हे शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकाशी जुळवत बसू नका. स्तोत्र लिहिणाऱ्यानं वर बघितलं आणि त्याला देवाची हस्तकृती दिसली, स्तोत्र १९ वाचा, त्याला तिथं मजल्यांचा हिशोब द्यायचा नव्हता.

मग स्वर्गांचा स्वर्ग

हा शब्दप्रयोग जुन्या करारात मोजक्याच ठिकाणी येतो आणि सगळी ठिकाणं एका बैठकीत वाचून होतात. अनुवाद १०:१४, १ राजे ८:२७ आणि तीच प्रार्थना २ इतिहास ६:१८ मध्ये, २ इतिहास २:६, नहेम्या ९:६, स्तोत्र १४८:४, आणि स्तोत्र ६८:३३ मध्ये त्याच्यासारखाच एक. काही मराठी भाषांतरांत इथं नभोमंडळ किंवा असाच दुसरा शब्द दिसेल, गोंधळू नका.

हिब्रूत एखादी गोष्ट त्या जातीत सगळ्यात वरची आहे हे सांगायची ही पद्धतच आहे. पवित्रांतलं पवित्र म्हणजे परमपवित्रस्थान, गीतांमधलं गीत म्हणजे गीतरत्न, तसंच स्वर्गांचा स्वर्ग म्हणजे स्वर्ग म्हणून जितकं उंच म्हणता येईल तितकं उंच. इथं आणखी एक नंबर वाढवलाय असं नाही. कितीही वर जा, तेही देवाचंच, असा त्याचा जोर आहे.

पण खरी गंमत पुढच्या वचनांत आहे आणि म्हणूनच मी सारखं सांगतो की एक वचन वाचून थांबू नका. अनुवाद १०:१४ मध्ये मोशे म्हणतो आकाश, आकाशांचं आकाश, पृथ्वी, सगळं परमेश्वराचं. लगेच १५ मध्ये काय, तरी त्यानं तुमच्या पूर्वजांवर प्रेम केलं. आणि १८ मध्ये उतरत उतरत कुठं येतो, तर अनाथ आणि विधवा यांचा न्याय आणि परक्या माणसाला अन्नवस्त्र. स्वर्गांच्या स्वर्गापासून परक्याच्या भाकरीपर्यंत, पाच वचनांत! पुढे १९ मध्ये हुकूम येतो की तुम्ही पण परक्यावर प्रेम करा कारण तुम्ही मिसरात परके होता. स्वर्ग किती या प्रश्नावर तासभर बोलून हे १९ वं वचन वाचायचंच राहिलं असेल तर तो स्टडी अर्धाच झाला असं मला वाटतं.

शलमोनाची प्रार्थना पण तशीच वाचा. मंदिर बांधून झालंय, सात वर्षं काम चाललं, सोनं लावलंय, गंधसरूचं लाकूड लावलंय, आणि अर्पणाच्या दिवशी राजा सगळ्यांसमोर म्हणतो की स्वर्ग आणि स्वर्गांचा स्वर्ग यांतही तू मावत नाहीस तर या घरात कसा मावशील. स्वतः बांधलेल्या मंदिराबद्दल असं बोलायला मोठं मन लागतं. मग १ राजे ८ मध्ये ३० पासून ४९ पर्यंत पेन्सिल घेऊन बसा आणि जिथं जिथं "तू स्वर्गातून ऐक" येतं तिथं खूण करा. पाऊस पडला नाही तर ऐक, दुष्काळ मरी टोळ आले तर ऐक, लांबून आलेल्या परदेशी माणसानं प्रार्थना केली तर ऐक, लढाईत हरून बंदिवान होऊन नेले गेलो तर तिथून पण ऐक. जो कुठंच मावत नाही तो ऐकतो, शलमोनाला एवढंच धरून ठेवायचंय.

स्तोत्र ११३ याच्या जोडीला वाचलं की चित्र पूर्ण होतं. देवाचा महिमा आकाशांच्या वर, आकाश आणि पृथ्वी बघायला पण त्याला खाली वाकावं लागतं, आणि वाकून तो करतो काय तर दीनाला धुळीतून उठवतो, निपुत्रिक बाईला घरात आनंदानं बसवतो. आणि स्तोत्र १४८:४ मध्ये स्वर्गांच्या स्वर्गालाच सांगितलंय की देवाची स्तुती कर, म्हणजे तो पण निर्माण केलेलाच आहे. नहेम्या ९:६ हेच सरळ सांगतं. सगळ्यात उंच स्वर्ग सुद्धा देव नाही, ही गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवा.

शुभवर्तमानांत आलात की

मत्तय स्वर्गाचं राज्य म्हणतो तिथं ग्रीकमध्ये अनेकवचन आहे, स्वर्गांचं राज्य. प्रभूच्या प्रार्थनेत सुद्धा "आमच्या स्वर्गातील पित्या" इथं अनेकवचन आणि "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही" इथं एकवचन. यावर काहींनी मोठे सिद्धांत मांडलेत. मला तरी एवढं पुरेसं वाटतं की मत्तय पृथ्वीसोबत जोडी लावताना बहुधा एकवचन घेतो आणि पित्याबद्दल, त्याच्या राज्याबद्दल बोलताना अनेकवचन. यातून स्वर्गांची संख्या काढायला जाऊ नका.

मार्कमध्ये मात्र थांबा, इथं थांबण्यासारखं आहे. मार्क १:१० मध्ये येशू यार्देनेतून वर येतो तेव्हा आकाश नुसतं उघडलं असं मार्क म्हणत नाही, फाटलं म्हणतो. हे क्रियापद मार्क आणखी एकदाच वापरतो, १५:३८ मध्ये, मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला तेव्हा. आता त्या काळचा यहुदी इतिहासकार जोसेफस, जो स्वतः याजकांच्या घराण्यातला होता आणि ज्यानं इसवी सन ७० च्या आधीचं मंदिर पाहिलेलं होतं, तो लिहितो की मंदिराच्या दारावरच्या मोठ्या पडद्यावर सबंध आकाशाचं चित्र विणलेलं होतं, फक्त राशींची चित्रं सोडून. मार्क म्हणतो तो पडदा हाच की आतला यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण हाच असेल तर शुभवर्तमानाच्या सुरुवातीला आकाश फाटतं आणि शेवटी आकाशाचं चित्र असलेला पडदा फाटतो. यशया ६४:१ मध्ये संदेष्टा आक्रोश करतो की तू आकाश फाडून खाली ये, ते शेजारी ठेवून वाचा आणि मग पुढे जा.

आता पौल

२ करिंथ १२ वाचायची एक अट आहे, अध्याय १० पासून १३ पर्यंत सलग वाचायचं. करिंथच्या मंडळीत काही जण आले होते, पौल त्यांना अतिश्रेष्ठ प्रेषित म्हणतो, ते स्वतःची मोठी जाहिरात करत होते, आम्ही किती बोलके आम्ही किती मोठे, आणि पौल बोलायला कमी, दिसायला साधा, अंगावर फटक्यांचे वळ. मंडळीचे लोक त्यांच्याकडे झुकायला लागले. मग पौल म्हणतो ठीक आहे, प्रौढीच मिरवायची तर मी पण मूर्खासारखं बोलतो, आणि अकराव्या अध्यायात तो कशाची यादी देतो तर तुरुंग, मार, जहाज फुटणं, भूक, थंडी, आणि शेवटी दिमिष्कातून टोपलीत बसवून खिडकीतून खाली सोडलेलं.

लक्षात घ्या, खाली सोडल्याची गोष्ट आधी येते आणि वर उचलला गेल्याची लगेच नंतर. मला नाही वाटत हे असंच झालंय.

वर जाण्याची गोष्ट तो स्वतःच्या नावानं सांगत पण नाही, ख्रिस्तात असलेला एक माणूस मला माहीत आहे म्हणतो. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. हे पत्र साधारण इसवी सन ५५-५६ चं धरतात, म्हणजे ही घटना ४२ च्या आसपास येते. काही जण हा दर्शनाचा प्रसंग म्हणजे दिमिष्काच्या रस्त्यावरचाच असं समजतात, ते जुळत नाही, दिमिष्काचा प्रसंग याच्या बराच आधीचा. ४२ च्या सुमाराला पौल सूरिया आणि किलिकिया भागात होता, गलती १:२१ आणि प्रेषितांची कृत्ये ९:३० जोडून बघा, बर्णबा त्याला तार्सातून शोधून आणायच्या आसपासचा काळ. त्या वर्षांबद्दल आपल्याला फार थोडं कळतं, आणि नेमक्या त्या शांत वर्षांत हे घडलेलं.

आता तो काय सांगतो आणि काय सांगत नाही याचे वहीत दोन कॉलम करा. सांगतो: तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला, सुखलोकात उचलला गेला, शब्द ऐकले. सांगत नाही: काय दिसलं, कोण भेटलं, शब्द कोणते होते, कारण ते माणसानं बोलू नयेत असे होते. शरीरात होतो की शरीराबाहेर हे सुद्धा मला माहीत नाही, देवाला माहीत, आणि हे वाक्य तो दोनदा म्हणतो. ज्यानं रोमकरांचं पत्र लिहिलं तो माणूस इथं दोनदा मला माहीत नाही म्हणतो. तिसऱ्या स्वर्गावर शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तिसरा स्वर्ग आणि सुखलोक एकच की दोन वेगळ्या ठिकाणी दोनदा गेला? बरेच अभ्यासक एकच घटना दोन ओळींत सांगितलीय असं धरतात, हिब्रू कवितेत जसं एकच गोष्ट दोनदा सांगतात तसं, आणि मलाही तेच पटतं. याला बाहेरून थोडा आधार पण मिळतो. त्या काळाच्या आसपासच्या यहुदी लिखाणात, म्हणजे आदाम आणि हव्वेच्या जीवनावरच्या ग्रीक पुस्तकात आणि हनोखाच्या नावावरच्या दुसऱ्या पुस्तकात, सुखलोक तिसऱ्या स्वर्गातच आहे असं येतं. म्हणजे पौलानं तिसरा म्हटलं तेव्हा ऐकणाऱ्यातल्या काहींना तरी हे ओळखीचं असणार.

आणि मग ७ ते १०. या प्रकटीकरणांमुळे मी चढून जाऊ नये म्हणून शरीरात एक काटा दिला, तो निघावा म्हणून तीनदा विनंती केली, आणि उत्तर आलं "माझी कृपा तुला पुरे आहे". बघा, तिसऱ्या स्वर्गात ऐकलेले शब्द तो सांगू शकत नाही, पण दुखण्यात ऐकलेले शब्द जसेच्या तसे सांगतो. मंडळीला कामाचे कोणते ते त्यानंच ठरवलं.

बाकीच्या पुस्तकांतले सात आणि दहा स्वर्ग

इथं लोक घसरतात म्हणून जरा जपून. यहुदी आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणात स्वर्गांचे आकडे भरपूर आहेत. लेवीच्या मृत्युपत्रात सात, यशयाच्या स्वर्गारोहणाच्या पुस्तकात सात, हनोखाच्या दुसऱ्या पुस्तकात सात आणि काही हस्तलिखितांत दहा, बारूखाच्या तिसऱ्या पुस्तकात पाच. तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहात, हगीगा नावाच्या भागात रब्बी यहुदा दोनच म्हणतो, आणि पुरावा म्हणून देतो अनुवाद १०:१४, आणि दुसरा रब्बी रेश लाकीश सात म्हणतो आणि सातही स्वर्गांची नावं देतो. यातलं एकही पुस्तक कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. ती वाचायची, जरूर वाचायची, पण पौलाच्या काळातले लोक कसा विचार करत होते हे कळावं म्हणून. आकडा तिथून उचलून बायबलमध्ये बसवायचा नाही. आकडे एकमेकांशीच जुळत नाहीत यावरूनच कळतं की ठरलेली अशी शिकवण तेव्हाही नव्हती.

आपल्याकडे भू भुवः पासून सत्यलोकापर्यंत सात लोक लहानपणापासून कानावर असतात, कुराणात पण सात आकाशं आहेत, त्यामुळे कुणीतरी म्हणतंच की बघा सगळीकडे सातच. आकडा सारखा असला म्हणून आतली शिकवण सारखी होत नाही, प्रत्येक परंपरा तिच्या स्वतःच्या ग्रंथातून समजून घ्यावी, आणि बायबलमध्ये तर सात स्वर्ग असं कुठंच लिहिलेलं नाही.

नंतरच्या मंडळीत पण मतं वेगवेगळी होती. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस सात स्वर्ग मानतो. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टिन यानं उत्पत्तीवरच्या त्याच्या ग्रंथाचा अख्खा बारावा भाग पौलाच्या या अनुभवावर लिहिलाय आणि तो पाहण्याचे तीन प्रकार सांगतो, डोळ्यांनी, मनातल्या चित्रांनी, आणि तिसरं म्हणजे नुसत्या बुद्धीनं सत्य थेट कळणं, आणि तिसरा स्वर्ग तो या तिसऱ्या प्रकाराशी जोडतो. मध्ययुगातला इटालियन कवी दान्ते याच्या काव्यात नऊ गोल आणि त्यांच्यावर दहावा स्वर्ग. लॅटर-डे सेंट्स मंडळी, ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात, त्यांची वैभवाच्या तीन दर्जांची शिकवण १८३२ मध्ये जोसेफ स्मिथ आणि सिडनी रिग्डन यांनी सांगितलेल्या दर्शनातून आलीय आणि ते १ करिंथ १५:४०-४१ कडे बोट दाखवतात. असं कुणी वचन दाखवलं की भांडू नका, तो अध्याय उघडा. तिथं सूर्याचं तेज वेगळं चंद्राचं वेगळं हे आहे खरं, पण पौल पुनरुत्थानात शरीर कसं असेल हे समजावतोय, स्वर्गाचे मजले नाही. योहान १४:२ मध्ये पित्याच्या घरात पुष्कळ जागा आहेत म्हटलंय त्याचं पण असंच, जोर सगळ्यांना पुरेल इतकी जागा आहे यावर आहे.

इब्री आणि इफिस

ही दोन पत्रं राहून जातात आणि खरं उत्तर तर यांच्यातच आहे. इब्री ४:१४ म्हणतं येशू स्वर्गांमधून पार गेला, अनेकवचन. ७:२६ म्हणतं तो स्वर्गांपेक्षा उंच झाला. इफिस ४:१० म्हणतं तो सगळ्या स्वर्गांच्या वर चढला, आणि कशासाठी तर सगळं भरून टाकावं म्हणून. किती स्वर्ग पार केले हे कुणीच लिहीत नाही. तीन असोत सात असोत, तो सगळ्यांतून पार गेलाय, मध्ये अडवणारं काही उरलेलं नाही, म्हणून इब्री ४:१६ म्हणतं धैर्यानं कृपेच्या राजासनाजवळ या. अनुवादात जी दिशा होती, सगळ्यात उंचावरून परक्याच्या भाकरीपर्यंत, तीच इथं आपल्या प्रार्थनेपर्यंत आली.

इफिसमध्ये एक अवघड जागा आहे ती सांगून ठेवतो कारण ग्रुपमध्ये विचारली जाते. १:३ मध्ये आपले आध्यात्मिक आशीर्वाद जिथं आहेत आणि ६:१२ मध्ये दुरात्मे जिथं आहेत, दोन्हीकडे मूळ ग्रीक शब्द एकच आहे. स्वर्गात दुरात्मे कसे? कारण तो शब्द इफिसमध्ये सगळ्या न दिसणाऱ्या क्षेत्रासाठी वापरलाय, राजासन तिथं आहे आणि लढाई पण तिथं आहे. काही जण यावरून दुरात्म्यांचा तो दुसरा स्वर्ग अशी शिकवण काढतात आणि त्या नावानं प्रार्थना पण घेतात. पौल असं नाव देत नाही, मी पण देणार नाही, आणि तुम्हाला पण देऊ नका असंच सांगेन. त्यानं ६:१३ पासून शस्त्रसामग्री सांगितलीय, सत्य, नीतिमत्त्व, विश्वास, वचन, तेवढी घ्या.

नवं आकाश

२ पेत्र ३:१३ आणि त्याच्या मागे यशया ६५:१७, दोन्हीकडे नवं आकाश आणि नवी पृथ्वी अशी जोडी आहे. मग प्रकटीकरण २१ उघडा आणि दिशा बघा, नवं यरुशलेम वरून खाली उतरतं आणि देवाचा मंडप माणसांजवळ येतो. आपल्या गाण्यांमध्ये आणि बोलण्यात आपण सारखं वर जायचं बोलतो, पण बायबलच्या शेवटच्या पानांवर देव खाली राहायला येतो. हे वाचून दाखवलं की ग्रुपमध्ये बरेच जण पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकल्यासारखे बघतात, म्हणून घाई करू नका, वाचा आणि लोकांना बोलू द्या.

शिकवताना दोन गोष्टी

एक, स्वर्ग बघून आलो अशा साक्षींचे व्हिडिओ आणि पुस्तकं. कुणाच्या अनुभवाची टिंगल करायची नाही, देव काय करतो ते देव जाणे. पण पौलाचे दोन कॉलम समोर ठेवून तपासा. तो चौदा वर्षं गप्प होता, बोलला तो पण भाग पाडलं म्हणून, वर्णन दिलं नाही, तिकडून नवी शिकवण आणली नाही, आणि शेवटी स्वतःच्या अशक्तपणाकडे बोट दाखवलं. जी साक्ष वर्णनानंच भरलीय आणि ऐकणाऱ्याला ख्रिस्ताऐवजी साक्ष देणाऱ्याकडे नेतेय, तिला मंडळीत शिकवणीची जागा देऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. घरात मयत झालेली असते आणि कुणीतरी, बऱ्याचदा आईच, विचारते की आता तो कुठल्या स्वर्गात असेल, सुखलोकात की अजून वर. तेव्हा वरचं सगळं तिला सांगत बसू नका. लूक २३:४३ वाचा, येशू शेजारच्या वधस्तंभावरच्या माणसाला आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील म्हणतो, आणि फिलिप्पै १:२३ वाचा जिथं पौल मरणाला ख्रिस्ताजवळ असणं म्हणतो. दोन्हीकडे जागेचा पत्ता नाही, कुणाबरोबर आहे ते सांगितलंय. एवढं वाचा, प्रार्थना करा, चहा करून द्या, बसा. महिन्या दोन महिन्यांनी तिनं परत विचारलं आणि तिला खरंच अभ्यास करायचा असेल तर वही घेऊन उत्पत्ती १ पासून तिच्याबरोबर बसा.